रथ कोणाचा, आंबे कोणाचे

आमच्या पिकअपचं इंजिन संपत आलं आहे. सकाळी चावी दिली की अजून सुरू होतं, पण चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडलं की धूर भसाभसा तोंडावर येतो. गरम झालं की ऑइलचा दाब उतरतो. मागे टोचन लावून आंबा घाट चढायला घेतला की चक्री वळणाच्या अलीकडेच दुसरा गिअर सोडून पहिल्यावर यावं लागतं, आणि मागच्या गाडीतल्या माणसाला समोर काळ्या धुराशिवाय काही दिसत नाही. कोल्हापूरला उद्यमनगरात मिस्त्रींनी कॉम्प्रेशन तपासलं. धडधाकट डिझेल इंजिनात ३५० ते ४०० पौंड दाब यायला हवा. आमच्या तिसऱ्या सिलिंडरला २१० आला. त्याच बाजूला ब्लॉकच्या कुशीत, पाण्याच्या वाटेवर, केसाएवढी चीर निघाली. पावसाळ्यापुरती ती भरून घेतली आहे. क्रँक याआधीच शेवटच्या मापापर्यंत घासून झालेला. त्यात आता घासायला काही उरलेलं नाही.

इंजिन बदलायचं हे तिथेच ठरलं. कोणतं, कुठून, केव्हा आणि किती पैशात, यावर घरात बोलणं सुरू झालं आणि ते इंजिनापाशी थांबलं नाही. मुलाने सहज विचारलं, “मग ही भाऊंची गाडी राहील का?” त्याने ते सहज विचारलं असेल, पण मला तो प्रश्न खाली ठेवता आला नाही.

भाऊ म्हणजे माझे वडील. साखरप्याला, घाटाच्या पायथ्याशी, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आमचं गॅरेज आहे. उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक इथे पोचेपर्यंत तापून वास मारायला लागलेले असतात आणि चढणाऱ्यांची परीक्षा इथून सुरू होते. भाऊंनी आधी पंक्चर काढली, मग वेल्डिंग केलं, मग एका जुन्या जीपच्या मागे लोखंडी फ्रेम बसवून टोचनाचं काम धरलं. ती जीप गेल्यावर महिंद्राची ही डीआय पिकअप आली. २५२३ सीसी, चार सिलिंडर, पंप-नोझलवर चालणारं साधं, सोसणारं इंजिन. काय दुखतंय ते कान लावला की कळतं. हौद्यात क्रेनचा बूम, विंच, वायर रोप, शॅकल, चाकांना लावायचे लाकडी ठोकळे.

भाऊंचा एक शब्द घाटात सगळ्यांना माहीत आहे. रात्री अडकलेल्या गाडीत बाई, मूल किंवा आजारी माणूस असला तर आधी गाडी सुरक्षित जागी न्यायची, पैशांचं बोलणं नंतर. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीने घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला, तेव्हा अडकलेल्या गाड्या मागे ओढून काढायला हीच पिकअप होती. वरच्या आंबा गावातले टपरीवाले, एसटीचे चालक, मासळीचे टेम्पोवाले, कोणीही असो, अडकलेल्याला सांगतात, “भाऊंची गाडी बोलवा.” भाऊंनी स्टेअरिंग सोडून बरीच वर्षं झाली. आता मी आणि माझा चुलत भाऊ चालवतो. गाडीचं नाव मात्र बदललेलं नाही.

मी रत्नागिरीला तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केलं आणि गॅरेजवर परत आलो. या दोन गोष्टी माझ्या लेखी कधी लांब पडल्या नाहीत. सुटे भाग जोडून झालेली वस्तू म्हणजे नक्की काय, हा प्रश्न आपल्या दर्शनांनी शतकानुशतकं लढवला आहे, आणि मिस्त्रीला तर ती वस्तू खरोखर सुटी करून परत उभी करावी लागते.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण त्याला उत्तर द्यावंच लागतं. आरसीत दोन नंबर असतात. चेसिस नंबर चौकटीवर ठोकलेला, इंजिन नंबर ब्लॉकवर. गाडीची ओळख चेसिसवरून धरतात. इंजिन बदललं तर आरटीओकडे कळवून, बिल दाखवून नवा नंबर चढवून घ्यायचा. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. एके काळी आमच्याकडे ट्रॅक्सचं इंजिन, जे बजाज टेम्पो मर्सिडीजच्या परवान्याने बनवत असे, ते जीपच्या पोटात बसवून घेणारे कितीतरी जण होते. तो रस्ता माझ्यासाठी बंद. जातीचंच इंजिन हवं.

पण त्या नंबराकडे जरा थांबून बघावं. समजा, ब्लॉकला चीर नसती. मी तोच ब्लॉक ठेवून लायनर, पिस्टन, रिंगा, क्रँक, कॅम, हेड, पंप, नोझल असं झाडून सगळं नवं घातलं असतं, तर कागदावर इंजिन तेच राहिलं असतं. उलट बाकी सगळं आपलं ठेवून फक्त ब्लॉक बदलला तर इंजिन वेगळं. न्याय-वैशेषिकांना यातलं काहीच पटलं नसतं. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, ही अवयवांच्या गोळाबेरजेहून वेगळी आणि खरीखुरी असते. पण कापडातून एक धागा निघाला तरी जुनं कापड संपतं आणि त्या जागी दुसरं उत्पन्न होतं. या हिशेबाने मी ऑइल फिल्टर बदलला त्या दिवशीच पिकअप दुसरी झाली. मला त्यांची काटेकोर नजर आवडते, पण त्यांच्या जगात कोणतीही गाडी म्हातारी होऊ शकत नाही, आणि माझी तर झाली आहे.

कायद्याने ब्लॉक का धरला, याचं कारण मला उद्यमनगरातल्या बाकड्यावर बसल्या बसल्या उमगलं. ब्लॉकमध्ये इंजिनाचं सार आहे असं कायदा म्हणतच नाही. ज्याला बाकी सगळं येऊन बोल्टने अडकतं आणि जो सर्वांत शेवटी बदलला जातो, त्यावर नंबर ठोकला की उद्या काही झालं तर कोणाला बोलवायचं ते कळतं. कायद्याला एवढंच हवं असतं. हे मी आधी फार हलकं समजत होतो. आता मला वाटतं की एखादी वस्तू तीच आहे का, या प्रश्नाच्या तळाशी हीच गरज असते.

आपल्या परंपरेत रथाचे दोन मोठे दृष्टांत आहेत. कठोपनिषदात शरीर हा रथ, आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. त्या रथाचं इंजिन म्हणजे घोडे. घोडे बदलल्याने रथ बदलला असं कोणी म्हणणार नाही, आणि रथ मोडला तरी रथी शाबूत. भाऊंचा ओढा या रथाकडे आहे. त्यांनी घाटात माणसं गेलेली पाहिली आहेत आणि गीतेतला जुन्या वस्त्रांचा दृष्टांत त्यांना अशा वेळी आधार देत आला आहे. गाडी म्हणजे वस्त्र, इंजिन म्हणजे आतला जीव, असं ते म्हणाले. मी म्हटलं, “भाऊ, मग आपण उलटंच करतोय. वस्त्र तेच ठेवून जीव बदलतोय.” त्यांनी विचार केला आणि म्हणाले, “तर मग जीव इंजिनात नसणार.” मला हे उत्तर खरं वाटलं. एका जागी जीव नाही म्हटल्यावर ते दुसरी जागा शोधायला निघाले नाहीत.

दुसरा रथ ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथातला. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, सागल नगरीत राहणारा. भिक्षू नागसेन त्याला विचारतो, चालत आलास की रथाने? रथाने. मग दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? सांगाडा? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. हे सगळं मिळून? तेही नाही. यापलीकडे काही? नाही. मग रथ कुठे आहे? राजाला कबूल करावं लागतं की या सगळ्यांच्या आधाराने चालणारं ते एक नाव आहे, एक व्यवहार. माणसाचंही तसंच, असं नागसेन म्हणतो. कॉलेजात आमचा पाठ इथे संपायचा. रथ म्हणजे नाव, पुढचं प्रकरण चालू.

पण त्या ग्रंथात पुढे आणखी काय येतं ते मी गॅरेजवर, पावसाळी दुपारी वाचलं. राजाची शंका अशी की जर पुढे जन्माला येणारा तोच नसेल तर केलेल्या कर्मातून माणूस सुटला की! त्यावर नागसेन आंब्यांचा दृष्टांत देतो. कोणी एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर चोर म्हणतो, याने लावलेले आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे, माझा काय गुन्हा? मग शेकोटीचा. एकाने थंडीत जाळ केला, अंग शेकलं आणि न विझवता निघून गेला. शेजाऱ्याचं शेत जळालं. तो म्हणतो, मी पेटवलेला जाळ वेगळा, शेत जाळणारा वेगळा. मग दिव्याचा. एक जण दिवा घेऊन माडीवर जेवायला बसला, दिव्याने गवताचं छप्पर पेटलं, छपराने घर, घराने गाव. तो म्हणतो, मी ज्या ज्योतीच्या उजेडात जेवलो ती गाव जाळणारी आग नव्हे. मग दुधाचा. एकाने गवळ्याकडून घागरभर दूध विकत घेऊन त्याच्याकडेच ठेवलं, दुसऱ्या दिवशी आला तर दही झालेलं. म्हणतो, मी दही घेतलं नव्हतं, माझं दूध दे.

हे सगळे खटले आहेत. प्रत्येकात एक माणूस ‘हे ते नव्हे’ एवढ्या एका वाक्याच्या आड उभा आहे, आणि प्रत्येकाच्या शेवटी नागसेन राजाला विचारतो, हे भांडण तुझ्यापुढे आलं तर निकाल कोणाच्या बाजूने देशील? राजा क्षणभरही अडखळत नाही. आंबेवाल्याच्या बाजूने. शेतवाल्याच्या. गावकऱ्यांच्या. दुधाच्या बाबतीत गवळ्याच्या. तिथे हात झटकणारं गिऱ्हाईक असतं. कारण प्रत्येक वेळी एकच: हे त्यातून आलं.

मला या जागी फार मोठी गोष्ट दिसते. ‘तेच का?’ याचं उत्तर नागसेनाने दिलंच नाही. तेच नाही आणि वेगळंही नाही, असं म्हणून त्याने ते मोकळं ठेवलं. पण जबाबदारीचं उत्तर एवढं पक्कं दिलं की कोणालाही निसटायला फट राहू नये. आपण सहसा उलट्या क्रमाने विचार करतो. आधी आत एक न बदलणारं काही तरी असलं पाहिजे, तरच मग जबाबदारी, तरच वचन, तरच कर्माचं फळ. नागसेन सांगतो, आत काही सापडो वा न सापडो, आंबे तुला परत करावे लागतील.

माझ्या पिकअपला हे तंतोतंत लागू आहे. इंजिन बदलल्यावर रात्री दोन वाजता घाटातून फोन आला, गाडीत तान्हं मूल आहे म्हणून, तर ज्या गाडीने शब्द दिला होता ती आता राहिली नाही, असं मला म्हणता येणार नाही. चेसिसही उद्या बदललं, मी नवी गाडी घेतली, साखरप्याचं गॅरेज मुलाच्या नावावर झालं, तरी म्हणता येणार नाही. हे त्यातून आलं.

इंजिनाबद्दलच्या घरातल्या बोलण्यात माझा मुलगा वेगळाच मुद्दा घेऊन असतो. तो डिप्लोमा करतोय, त्याला कॉमन रेलचं इंजिन हवं. जास्त ताकद, कमी धूर. कायदा आडवा येतो हे त्याला पटलं, पण ताकदीबद्दलचं माझं म्हणणं अजून पटलेलं नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो. बारास एक अशा चढावर एक टनाची गाडी ओढायची तर नुसत्या चढापायी ऐंशीएक किलोची ओढ पडते. आमच्या पिकअपचं आणि मागच्या गाडीचं मिळून तीन-साडेतीन टन धरले तरी हा काही राक्षसी आकडा नाही. खालच्या गिअरमध्ये, सावकाश, जुनं इंजिनही ते करतं. त्याला वेळ लागतो इतकंच. टोचनातला अवघड भाग उतरण्याचा आहे. मागच्या गाडीचं इंजिन बंद असतं, म्हणून तिच्या ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीनदा पाय दाबला की संपते आणि पॅडल दगडासारखं घट्ट होतं. पॉवर स्टेअरिंगही जड. उतारावर दोर चालत नाही, लोखंडी दांडाच लागतो, नाहीतर मागची गाडी पुढच्यावर येते. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी हवा अडवणारी झडप नसल्याने पाय उचलल्यावर त्याचा रोध मुळात बेताचा. म्हणून ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा घाटाचा नियम. इंजिनाची ताकद वाढली म्हणून ब्रेकचे ड्रम मोठे होत नाहीत, चौकट जाड होत नाही. उलट चालकाला वाटायला लागतं की आता याहून जड गाडीही ओढता येईल. मी मुलाला म्हटलं, मागच्या गाडीत जो बसलेला असतो त्याच्या हातात काहीच नसतं, ना वेग ना थांबणं. त्या अर्ध्या तासात तो आपल्या गिअरवर आणि आपल्या मतीवर बसलेला असतो. त्याच्यासाठी इंजिन निवडायचं आहे.

जैन आचार्य समंतभद्रांच्या आप्तमीमांसेत सोन्याचा एक प्रसिद्ध दृष्टांत आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट केला. ज्याला घट हवा होता तो दुःखी झाला, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदला, ज्याला सोनं हवं होतं तो शांत राहिला. एकाच घटनेत नाश, उत्पत्ती आणि टिकून राहणं तिन्ही खरं आहे, आणि तिघांच्या भावना तिन्हींना साक्ष आहेत. आमच्या घरात हे तिघे मला जसेच्या तसे भेटतात. भाऊंना त्या इंजिनाचा आवाज झोपेतही ओळखू येतो. ते उतरवणार म्हणून ते कष्टी आहेत. मुलगा खूश आहे. माझी बायको गॅरेजचे हिशेब बघते, फोन तीच घेते. ती म्हणते, फोन येतो, गाडी जाते, गाडी परत येते, माझ्या वहीत ती तीच. तिघांतलं कोणीही चूक नाही. मला विशेष वाटतं ते असं की गाडी तीच का, यावर त्यांचं एकमत होणार नाही. पण आंब्याचा खटला आमच्या दारात आला तर तिघेही एकाच बाजूला उभे राहतील.

आता नव्या इंजिनाविषयी. नवी पिकअप आणि तिच्यावर क्रेन म्हणजे बारा-तेरा लाखांचं कर्ज, ते नको. मुंबईच्या भंगार बाजारात इंजिनं मिळतात. एक स्वस्तात दाखवलं गेलं, त्याचा नंबर घासलेला होता. जे कोणालाच उत्तर देणार नाही असं करून ठेवलं आहे, ते मी नाकारलं, आणि कारण पैशाचं नव्हतं. शेवटी सांगलीकडे एका दूधवाहतुकीच्या पिकअपचं इंजिन मिळालं. तीच जात, तोच पंप. गाडी अपघातात चेपली, मालकाने कलम ५५ खाली नोंदणी रद्द करायला टाकली, कागद सरळ आहेत. इंजिन फार चाललेलं नाही. उद्यमनगरात खोलून, बेअरिंग आणि रिंगा नव्या घालून, ऑइल पंप बघून मग बसवायचं.

त्या अपघातात चालक गेला होता. मालकाने हे स्वतःहून सांगितलं, आणि मी ते घरी सांगितलं.

बायको अस्वस्थ झाली. शेजारी म्हणाले, असलं इंजिन घरात आणू नये. मी म्हटलं, लोखंडाला पाप लागत नाही. रात्री झोप आली चालकाला, इंजिनाचा काय संबंध? हे सगळं बरोबर आहे आणि तरी भाऊंच्या प्रश्नाला ते पुरलं नाही. भाऊंनी अपशकुनाचं काही काढलंच नाही. ते म्हणाले, “ज्याच्या हातात ते चालत होतं तो माणूस आपल्याला ठाऊक नाही. त्याला सांगायला नको का, आम्ही हे नेतो आहोत म्हणून?”

कोकणात सांगण्याची एक रीत आहे. गाऱ्हाणं. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गुरव किंवा घरातला वडील माणूस मोठ्याने बोलतो: कोण आलं आहे, कशासाठी, कोणत्या वाटेवर, कोणाची राखण करायची, कुणाचं काही चुकलं असलं तर ते कसं पदरात घ्यायचं. गावचे देव, सीमेवरचे, पूर्वज, सगळ्यांना हाक दिली जाते आणि जमलेले ‘होय महाराजा’ म्हणतात. लहानपणापासून मी ते ऐकत आलो. आता नागसेनाचे खटले वाचल्यावर त्यात मला वेगळं काही ऐकू येतं. गाऱ्हाण्यात वस्तूचं सार काय, याबद्दल एक शब्द नसतो. कोण कोणाला बांधलेला आहे, एवढंच चारचौघांत उच्चारून ठेवलेलं असतं. भाऊ या वेळच्या गाऱ्हाण्यात त्या चालकालाही हाक देणार आहेत. त्याचं नाव मी मालकाकडून विचारून आणलं आहे. ते इथे लिहिणं योग्य नाही.

पुरीच्या जगन्नाथाची आठवण मला याच संदर्भात येते. तिथल्या मूर्ती लाकडाच्या, आणि ज्या वर्षी आषाढ अधिक येतो त्या वर्षी, म्हणजे आठ, बारा किंवा एकोणीस वर्षांनी, नवकलेवर होतं. मागचं २०१५ साली झालं, त्याआधीचं १९९६ साली. नवे देह घडवतात आणि जुन्यातला ब्रह्मपदार्थ रात्री डोळे बांधून, हात गुंडाळून नव्यात ठेवतात. चर्चा नेहमी त्या ब्रह्मपदार्थाची होते, तो काय असेल याची. माझं लक्ष ते काम करणाऱ्या दैतापतींकडे जातं. जुने देह ते मंदिराच्या आवारात पुरतात आणि घरातलं माणूस गेल्यासारखं सुतक पाळतात. देव तोच आहे, नव्या देहात समोर बसणार आहे, यावर त्यांची पूर्ण श्रद्धा असते. तरी जुन्या देहाचं सुतक चुकवत नाहीत. आत काय टिकलं, या श्रद्धेने बाहेर काय गेलं त्याचं देणं फिटत नाही, हे त्यांना कळतं. भाऊंना जुन्या इंजिनाचं दुःख होतं तेव्हा मुलगा म्हणतो, लोखंडच ते. मी त्याला पुरीची हकिकत सांगितली.

बसवण्याची वेळ दसरा आणि दिवाळी यांच्या मध्ये धरली आहे. तोवर पाऊस उघडलेला असतो आणि दिवाळीच्या सुटीत कोकणात उतरणाऱ्या गाड्यांची रीघ अजून लागलेली नसते. खंडेनवमीला गाडीची पूजा जुन्या इंजिनासहच करायची, ही भाऊंची एकच अट. दुसऱ्या आठवड्यात उतरवायचं. त्याच वेळी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रेडिएटर आणि इंजिनाचे रबर माउंटिंग बदलून घ्यायचे. ब्रेकचे चारी ड्रम उघडायचे. आरटीओचा अर्ज आधीच भरून ठेवतो आहे, विम्यालाही कळवायचं आहे.

राहिलं जुनं इंजिन. ग्रीकांच्या थिसियसच्या जहाजाची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते, फळ्या एकेक करून बदललेल्या त्या जहाजाची. सतराव्या शतकात हॉब्जने तिला एक जोड दिली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं तर? आमच्याकडे हे नुसतं कल्पनेत राहिलेलं नाही. लांज्याकडचा एक जण जुनं इंजिन घ्यायला तयार आहे. चीर शिवून घेऊन, जुना क्रँक काढून दुसरा टाकून, तो ते स्वतःच्या पिकअपमध्ये घालणार. घाटाखालच्या रस्त्यावर मग दोन गाड्या फिरतील, एकीत भाऊंच्या गाडीचं अंग, दुसरीत तिचा आवाज. हॉब्ज विचारतो, खरं जहाज कोणतं. मला त्यापेक्षा, कोणत्या गाडीबरोबर काय गेलं, हे विचारणं जरुरीचं वाटतं. घाटातला शब्द आमच्याकडे राहिला, तो विकता येत नाही. चीर आणि २१० पौंड त्याच्याबरोबर जातील, आणि ते जाताहेत हे त्याला सांगणं माझ्याकडे राहिलं. उद्या त्याच्या मागे कोणी टोचन लावून बसलं आणि मध्येच इंजिन बसलं, तर मी विकलं ते इंजिन वेगळं होतं, असं मला म्हणता येणार नाही.

म्हणून पावतीवर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, चिरेची जागा, क्रँकचं माप आणि ‘टोचनाच्या कामास योग्य नाही’ असं लिहून खाली सही करून देणार आहे. बायको म्हणते, एवढं लिहिलंत तर तो पाच हजार तरी कमी देईल. देईल. तिने ते पाच हजार खर्चाच्या बाजूला आधीच मांडून ठेवले आहेत.